रंगमंच, मैदान आणि मराठी स्मृती : मुंबईतील दोन स्मरणीय घटनांचा वाङ्मयीन विचार

१. प्रस्तावना

एखाद्या महानगराच्या सांस्कृतिक इतिहासात काही घटना ‘स्मरणीय’ म्हणून वेगळ्या काढल्या जातात. एखादा नाट्यप्रयोग, एखादी मैफल, एखादा सामना पुढील पिढ्यांच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा येत राहतो. प्रत्यक्ष उपस्थित असलेल्यांची पिढी संपते, घटनेची जागाही बदलते, तरी ती घटना ‘आपली’ म्हणून सांगितली जाते. असे का होते, याचे सर्वसाधारण उत्तर ‘ती घटनाच तशी थोर होती’ असे दिले जाते. हे उत्तर पूर्णतः चुकीचे नाही, पण अपुरे आहे. तितक्याच थोर घटना विस्मृतीत गेल्याची उदाहरणे त्याच नगरात सापडतात. घटना आणि तिची स्मृती यांच्यामध्ये भाषा उभी असते. कोणी लिहिले, कोणत्या भाषेत लिहिले, कोणत्या वाङ्मयप्रकारात लिहिले आणि ते लेखन पुढे कोणी वाचले, यावर घटनेचे स्मरणीयत्व अवलंबून असते.

प्रस्तुत लेखात या दृष्टीने मुंबईतील दोन घटनांचा विचार करावयाचा आहे. पहिली घटना ८ जुलै १९२१ रोजी झालेल्या ‘संयुक्त मानापमान’ या नाट्यप्रयोगाची, तर दुसरी १९२३ च्या चौरंगी क्रिकेट स्पर्धेत विठ्ठल पालवणकर यांच्या नेतृत्वाखाली हिंदू संघाने मिळविलेल्या विजयाची. दोन्ही घटना एकाच नगरात, अडीच वर्षांच्या आत आणि एकाच राजकीय वातावरणात घडल्या. पहिली मराठी स्मृतीत ठळकपणे टिकली. दुसरी मराठी वाङ्मयेतिहासातून जवळजवळ नाहीशी झाली. वस्तुतः तिच्या नायकाने स्वतः मराठीत आत्मचरित्र लिहून ठेवले होते. ही तफावत कशी निर्माण झाली आणि मराठी साहित्याच्या अभ्यासकाने तिच्याकडे कसे पाहावे, हा या लेखाचा विषय आहे.

२. ‘खेळ’ : एका शब्दाचे दोन संसार

मुख्य विवेचनाकडे वळण्यापूर्वी एका भाषिक वस्तुस्थितीकडे लक्ष वेधणे अगत्याचे आहे. नाटक आणि क्रीडा यांना मराठी भाषेने मुळात फारसे दूर ठेवलेले नाही. विष्णुदास भावे यांनी १८५३ मध्ये आपली मंडळी मुंबईस आणून ग्रँट रोडवरील नाट्यगृहात जे सादर केले, त्यास त्या काळी ‘खेळ’ म्हटले जाई. ‘नाटकाचा खेळ लावला’ हा वाक्प्रयोग आजही अपरिचित नाही. जो शब्द विटीदांडूला व हुतुतूला, तोच रंगभूमीवरील आविष्कारालाही चालत होता. ‘रंगणे’ हे क्रियापदही असेच दुहेरी आहे. मैफल रंगते, प्रयोग रंगतो आणि सामनाही रंगतो. ‘डाव’ हा शब्द तालमीत, पत्त्यांत आणि क्रिकेटमध्ये समान अधिकाराने वावरतो.

क्रिकेटची मराठी परिभाषा या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. ‘गोलंदाज’ हा शब्द तोफखान्यातून आलेला, फारसी घडणीचा. त्याच्या जोडीला ‘फलंदाज’ हा शब्द त्याच नमुन्यावर उभा राहिला. ‘पायचीत’, ‘धावचीत’, ‘यष्टिचीत’ या शब्दांतील ‘चीत’ हा थेट कुस्तीच्या हौद्यातला आहे. ‘त्रिफळा’ वैद्याच्या बटव्यातून आला, तर ‘यष्टी’ आणि ‘षटक’ संस्कृतातून. इंग्रजांच्या जिमखान्यावर खेळला जाणारा हा खेळ मराठीत आला तो तालीम, तोफखाना आणि पाठशाळा या तीन वाटांनी. पुढे आकाशवाणीवरून मराठी समालोचन करणाऱ्या बाळ ज. पंडित यांच्यासारख्यांनी ही परिभाषा घरोघर पोहोचविली. भाषेने या खेळास आपलेसे केले. त्याची स्मृती मात्र आपलीशी केली का, हा निराळा प्रश्न आहे.

या दोन संसारांचा आणखी एक संगम मुंबईतच आढळतो. ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात झाला. त्यापासून स्फूर्ती घेऊन हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी कॅमेरा मागविला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डन येथे एक कुस्ती चित्रित केली. भारतीयाने केलेले हे आद्य चलच्चित्रण समजले जाते. नव्या कलेचा पहिला विषय नाटक किंवा पुराणकथा नसून कुस्ती हा होता, ही बाब सूचक आहे. पण येथेच दुसरी बाबही ध्यानात घेतली पाहिजे. ती चित्रफीत आज उपलब्ध नाही. तिच्याविषयी आपणांस जे ज्ञात आहे ते लिहून ठेवलेल्या शब्दांमुळे. यंत्राने टिपलेला क्षणसुद्धा अखेरीस शब्दाच्या आश्रयाने राहिला.

३. ‘संयुक्त मानापमान’ : स्मृतीची श्रीमंती

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘मानापमान’ हे नाटक १९११ मध्ये किर्लोस्कर मंडळीने रंगभूमीवर आणले. त्याच्या पदांना गोविंदराव टेंबे यांनी चाली दिल्या होत्या आणि भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व होते. १९१३ मध्ये बालगंधर्व, टेंबे आणि गणपतराव बोडस यांनी किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. दुसरीकडे १९०८ पासून केशवराव भोसले यांची ललितकलादर्श ही मंडळी आपला स्वतंत्र ठसा उमटवीत होती. दोन्ही मंडळ्यांचे चाहते निराळे होते, गायकीचे ढंग निराळे होते आणि व्यावसायिक स्पर्धाही होती.

लोकमान्य टिळकांचे १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत निधन झाले. त्यांच्या नावे उभारलेल्या टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ या दोन मंडळ्यांनी एकत्र येऊन प्रयोग करावयाचे ठरविले. ८ जुलै १९२१ रोजी बालीवाला नाट्यगृहात तो झाला. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर, अशी ती योजना होती. ज्या नाट्यगृहाला पारशी रंगभूमीवरील नामवंत नटाचे नाव होते, तेथे मराठी संगीत रंगभूमीचे दोन प्रतिस्पर्धी एका राष्ट्रीय कार्यासाठी एकाच रंगमंचावर उभे राहिले.

या घटनेच्या स्मृतीचे एक वैशिष्ट्य लक्षणीय आहे. प्रयोगाचे नाव ‘संयुक्त’. हेतू ऐक्याचा. परंतु मराठी माणसाच्या तोंडी तो राहिला आहे स्पर्धेच्या रूपाने. त्या रात्री कोणाचे गाणे वरचढ ठरले, कोणाला किती ‘वन्समोअर’ मिळाले, पारडे कोणाकडे झुकले, ही चर्चा पुढे दीर्घकाळ चालू राहिली. नाट्यप्रयोगाची आठवण सामन्याच्या भाषेत सांगितली गेली. त्यातच ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, केशवरावांचे निधन झाले. प्रयोगानंतर तीन महिनेही लोटले नव्हते. या अकाली निधनाने त्या रात्रीस एक करुण परिमाण प्राप्त झाले. जो सामना पुन्हा कधीही होणे शक्य नव्हते, त्याचा निकाल लावण्याचे काम स्मृतीकडेच आले.

ही स्मृती टिकण्यास अनुकूल अशी वाङ्मयीन परंपरा मराठीत सिद्ध होती, हे येथे नमूद केले पाहिजे. टेंबे यांचे ‘माझा संगीत व्यासंग’, बोडसांचे ‘माझी भूमिका’, चिंतामणराव कोल्हटकरांचे ‘बहुरूपी’, वसंत शांताराम देसाई यांचे रंगभूमीविषयक लेखन अशी नाट्यविषयक आठवणींची एक समृद्ध शाखाच मराठी गद्यात वाढली. ‘बहुरूपी’ला साहित्य अकादमीचा पुरस्कारही लाभला. नटाने लिहिलेले आत्मचरित्र हे साहित्य आहे, ते पाठ्यक्रमात असू शकते, त्यावर प्रबंध लिहिता येतो, याविषयी आपल्या विद्यापीठीय जगात शंका घेतली गेली नाही. रंगभूमीचा इतिहास हा मराठी वाङ्मयेतिहासाचा एक खंड मानला गेला. त्यामुळे रंगमंचावरील क्षणास जतन करणारी घडवंची आधीपासूनच तयार होती.

४. १९२३ : मैदानावरील घटना आणि तिची पूर्वपीठिका

मुंबईतील क्रिकेटची सुरुवात पारशी समाजाने केली. ओरिएंटल क्रिकेट क्लब ही त्यांची संस्था १८४८ मधील. युरोपियन व पारशी यांच्यातील सामन्यांत १९०७ मध्ये हिंदू संघ आल्याने तिरंगी आणि १९१२ मध्ये मुसलमान संघ आल्याने चौरंगी स्पर्धा सुरू झाली. सामने होत ते बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर. जिमखान्याचे सदस्यत्व भारतीयांना नव्हते. वर्षातील ठराविक दिवशी मैदान खुले होई आणि सभोवार हजारोंचा समुदाय जमे.

या इतिहासात पालवणकर बंधूंचे स्थान असाधारण आहे. थोरले बाळू पालवणकर यांचा जन्म चर्मकार कुटुंबातला. पुण्यात युरोपियनांच्या जिमखान्यावर मैदानाची देखभाल करण्याची नोकरी करीत असता ते तेथील खेळाडूंना चेंडू टाकू लागले आणि त्यातून एक अव्वल डावखुरा फिरकी गोलंदाज घडला. पुण्यातील हिंदू संघाला हा गोलंदाज हवा होता. परंतु खेळाच्या मधल्या वेळेत इतरांचा चहा आत कपांतून होई आणि बाळूंना तो बाहेर, मातीच्या भांड्यातून मिळे. पुढे ते मुंबईस आले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांवर १०९ धावांनी विजय मिळविला, त्यात बाळू व शिवराम या दोन्ही बंधूंचा वाटा होता. मुंबईच्या ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या पत्राने त्या विजयाकडे जातिभेदाच्या संदर्भात पाहिले, हे त्या घटनेच्या सामाजिक अर्थाची तेव्हाच झालेली जाणीव दाखविते. १९११ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या भारतीय संघाची कामगिरी एकंदरीत निराशाजनक ठरली, मात्र बाळू यांनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले.

इतके असूनही हिंदू संघाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले नाही. १९२० मध्ये तर त्यांना वगळण्यात आले आणि कर्णधारपदाच्या बाबतीत त्यांचे बंधू विठ्ठल यांचा हक्कही डावलला गेला. विठ्ठल व शिवराम यांनी संघातून माघार घेतली आणि आपली भूमिका जाहीर निवेदनाद्वारे मांडली. त्यावर वृत्तपत्रांतून वाद झाला. अखेरीस बाळू यांना पुढील सामन्यासाठी परत बोलावून उपकर्णधार करण्यात आले आणि कर्णधार पै मैदानाबाहेर राहिले, तेव्हा प्रत्यक्ष नेतृत्व त्यांनी केले. असहकाराच्या चळवळीने आणि अस्पृश्यतानिवारणाच्या प्रश्नाने वातावरण भारलेले होते. या पार्श्वभूमीवर १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर यांच्याकडे हिंदू संघाचे नेतृत्व आले. त्या वर्षी हिंदू संघाने अंतिम सामन्यात युरोपियन संघाचा पराभव केला. सामन्यानंतर सवर्ण हिंदूंनी विठ्ठल यांना खांद्यावर उचलून घेतले आणि सामन्यातील सर्वांत आनंदाची गोष्ट हीच, असे एका वाचकाने ‘बॉम्बे क्रॉनिकल’ला कळविले.

शिवण्यास निषिद्ध मानलेल्या जातीतील माणूस खांद्यावर घेतला जातो, ही घटना मुंबईसारख्या नगरातही १९२३ मध्ये साधी नव्हती. आता ‘संयुक्त मानापमान’च्या तुलनेत तिचे स्वरूप पाहावे. तेथे नाव ऐक्याचे होते आणि स्मृती स्पर्धेची राहिली. येथे प्रसंग स्पर्धेचा होता, पण उपस्थितांपैकी काहींना तरी त्यातून जाणवले ते ऐक्य. एक प्रयोग सामना म्हणून आठवला गेला आणि एका सामन्याने एका दिवसापुरता सामाजिक नाटकाचा अंक रचला.

५. नावाचे व्याकरण

या दोन घटनांच्या नोंदींमधील एक भेद केवळ भाषेच्या अभ्यासकालाच दिसू शकेल असा आहे. रंगभूमीवरील मंडळींची नावे मराठीत कशी येतात ते पाहा : केशवराव, गोविंदराव, गणपतराव, चिंतामणराव. नावाला ‘राव’ जोडलेला आणि क्रियापद आदरार्थी अनेकवचनात. नारायण श्रीपाद राजहंस यांना तर ‘बालगंधर्व’ ही पदवीच नाव म्हणून मिळाली. नाटकवाल्यांकडे समाज एके काळी हीन दृष्टीने पाहत असे, हे खरे. पण विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत भाषेने त्यांना आदरार्थी रूप बहाल केले.

मैदानावर काय घडले? त्याच हिंदू संघातील म. द. पै हे ‘पै’ म्हणून, दि. ब. देवधर हे ‘देवधर’ म्हणून, म्हणजे आडनावाने नोंदले जातात. पालवणकर बंधू मात्र धावफलकावर ‘पी. बाळू’, ‘पी. विठ्ठल’ असे येतात. आडनाव आद्याक्षरापुरते आक्रसते आणि उरते ते घरात हाक मारावयाचे नाव. पुढील लेखनातही ‘बाळूने बळी घेतले’, ‘विठ्ठलने धावा काढल्या’ अशी एकवचनी रूपे रूढ राहिली. खेळाडूंविषयी एकवचनाने लिहिण्याची प्रथा जिव्हाळ्यातूनही येते आणि आजचे क्रीडालेखन सर्वांनाच त्या रीतीने संबोधते, हे मान्य करूनही प्रश्न शिल्लक राहतो. एकाच संघातील एकास आडनाव व दुसऱ्यास केवळ नाव, हा भेद निव्वळ जिव्हाळ्याचा म्हणता येत नाही. सामाजिक अंतर सर्वनामात आणि क्रियापदाच्या प्रत्ययात वस्ती करते. प्रस्तुत लेखात या बंधूंसाठी आदरार्थी रूपे योजली आहेत ती याच कारणाने.

६. ‘माझे क्रीडा-जीवन’ आणि वाङ्मयेतिहासाचे मौन

विठ्ठल पालवणकर यांचे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र १९४८ मध्ये मराठीत प्रसिद्ध झाले. चौरंगी स्पर्धेच्या काळातील एका प्रमुख खेळाडूने, त्यातही अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतील खेळाडूने, स्वतःच्या भाषेत दिलेली ही साक्ष आहे. असे असता मराठी आत्मचरित्राच्या इतिहासलेखनात या ग्रंथाला जे स्थान मिळावयास हवे होते ते मिळाले नाही. पालवणकर बंधूंची कथा व्यापक वाचकवर्गापुढे आली ती रामचंद्र गुहा यांच्या २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय क्रिकेटविषयक इंग्रजी इतिहासग्रंथामुळे. त्यांनी या मराठी आत्मचरित्राचा साधन म्हणून उपयोग केला. मराठी साक्षीला इंग्रजीचा वळसा घेऊन मराठीकडे परतावे लागले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

या मौनाची कारणे तीन प्रकारे मांडता येतील.

पहिले कारण वाङ्मयप्रकारविषयक आहे. नटाच्या आत्मचरित्राला साहित्याच्या दालनात प्रवेश मिळाला, कारण नाटक हा वाङ्मयप्रकार होता. खेळाडूच्या आत्मचरित्रामागे असे अधिष्ठान नव्हते. ते ‘क्रीडाविषयक’ म्हणून ग्रंथालयाच्या निराळ्या कपाटात गेले. विषयवारीच्या या साध्या व्यवस्थेने वाचक आणि ग्रंथ यांची ताटातूट केली.

दुसरे कारण कालविषयक आहे. दलित आत्मकथनाचा विचार आपण सामान्यतः दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८), प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९) येथून सुरू करतो. हा विचार योग्यच आहे. कारण त्या लेखनामागे आंबेडकरी जाणीव आणि साठोत्तरी वाङ्मयीन चळवळ उभी होती. विठ्ठल पालवणकर यांचे पुस्तक त्या अर्थाने दलित आत्मकथन ठरत नाही. परंतु ‘या परंपरेपूर्वी काहीच नव्हते’ असा जो समज वर्गात नकळत दिला जातो, तो दुरुस्त करण्यास १९४८ चा हा ग्रंथ पुरेसा आहे.

तिसरे कारण राजकीय असून ते अधिक गुंतागुंतीचे आहे. बाळू पालवणकर हे १९३२ च्या पुणे कराराच्या वेळी तडजोडीच्या बाजूने होते आणि १९३७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या विरोधात उभे राहून पराभूत झाले. एके काळी अस्पृश्य समाजाला ज्यांचा अभिमान वाटला, त्या घराण्याचे आणि पुढे प्रबळ झालेल्या आंबेडकरी चळवळीचे मार्ग असे वेगळे झाले. सवर्ण वाङ्मयेतिहासाने हा ग्रंथ खेळाडूचा म्हणून बाजूस ठेवला आणि दलित साहित्याच्या विचारात तो सहजी सामावला जाण्याजोगा नव्हता. दोन घरांच्या मधल्या बोळात तो राहिला. हे अनुमान आहे आणि त्याची अधिक छाननी व्हावयास हवी. तथापि, विस्मृती ही नेहमी एकाच बाजूच्या उपेक्षेने घडते असे नाही, हे या उदाहरणावरून ध्यानात येते.

७. स्मरण म्हणजे गौरव नव्हे

१९२३ च्या घटनेचे स्मरण करताना एक सावधगिरी आवश्यक आहे. जातीची भिंत ज्या संघात क्षणभर दूर झाली, तो संघ धर्माच्या आधारावर उभा होता. ‘हिंदूंचे ऐक्य’ मैदानावर सिद्ध होत होते ते युरोपियन, पारशी व मुसलमान यांच्याविरुद्ध. १७ नोव्हेंबर १९२१ रोजी युवराजांच्या आगमनाच्या वेळी मुंबईत उसळलेल्या दंग्यांत नगरातील समाजगटांमधील तणाव उघड झाला होता. अशा नगरात धर्मवार संघांच्या सामन्यांना निव्वळ खेळ समजणे कठीण होते.

१९३७ मध्ये या स्पर्धेत ‘इतर’ नावाचा पाचवा संघ आला आणि ती पंचरंगी झाली. स्थळही पुढे नव्या ब्रेबोर्न स्टेडियमकडे गेले. या ‘इतर’ संघातर्फे १९४३ च्या अंतिम सामन्यात विजय हजारे यांनी संघाच्या ३८७ धावांपैकी एकट्याने ३०९ धावा काढल्या. बंधू विवेक यांच्यासह त्यांनी केलेल्या ३०० धावांच्या भागीदारीत विवेक यांचा वाटा होता २१ धावांचा. ही कामगिरी विक्रम म्हणून नोंदली गेली. मराठी वाचकाने मात्र तिच्याकडे आणखी एका अंगाने पाहावे. सांगलीत जन्मलेला, मराठी बोलणारा हा ख्रिस्ती खेळाडू मुंबईच्या मैदानावर कोणत्या नावाखाली खेळला? ‘इतर’ या नावाखाली. समोरच्या हिंदू संघात मुंबईचे विजय मर्चंट होते आणि त्यांनीही त्याच सामन्यात नाबाद २५० धावा काढल्या. भाषेने जवळचा असलेला माणूस वर्गीकरणाने ‘इतर’ ठरला. १९४० च्या अखेरीस महात्मा गांधींनी धर्मवार संघांच्या या पद्धतीविषयी नापसंती व्यक्त केली होती. वाद वाढत गेला आणि १९४६ मध्ये स्पर्धा कायमची बंद झाली.

या दृष्टीने ‘संयुक्त मानापमान’लाही अकारण निर्मळ मानण्याचे कारण नाही. त्या प्रयोगात व्यावसायिक चढाओढ होती, चाहत्यांचे पक्ष होते आणि देशकार्याच्या छत्राखाली त्या सर्वांस स्थान मिळाले होते. स्मरणीय क्षण निर्दोष असतो म्हणून स्मरणीय ठरत नाही. समाजातील ताण एका ठिकाणी, एका वेळी, सर्वांच्या डोळ्यांसमोर उभे राहतात, म्हणून तो अभ्यासास योग्य ठरतो. गौरवग्रंथाची दृष्टी हे ताण पुसून टाकते. संशोधकाची दृष्टी त्यांना जागेवर ठेवते.

८. अभ्यासाच्या दिशा

वरील विवेचनातून पदव्युत्तर अध्ययन व संशोधन यांच्या दृष्टीने काही दिशा सुचतात.

(अ) खेळाडूंची व व्यायामशाळांशी संबंधित व्यक्तींची मराठी आत्मचरित्रे, आठवणी आणि स्मरणिका यांची स्वतंत्र सूची तयार होणे आवश्यक आहे. नाट्यविषयक आत्मचरित्रांच्या अभ्यासासाठी आपण जी परिमाणे वापरतो, म्हणजे निवेदकाची भूमिका, प्रेक्षकांशी असलेले नाते, शरीर व कसब यांचे वर्णन, ती या ग्रंथांनाही लावून पाहता येतील.

(आ) आत्मचरित्राच्या अध्यापनात एक नट व एक खेळाडू यांची आत्मकथने शेजारी ठेवून शिकविता येतील. ‘माझी भूमिका’ आणि ‘माझे क्रीडा-जीवन’ यांच्या प्रकाशनात आठ वर्षांचे अंतर आहे. ‘भूमिका’ आणि ‘जीवन’ या दोन शब्दांतील फरकापासूनही चर्चेला प्रारंभ होऊ शकेल.

(इ) त्या काळातील मराठी वृत्तपत्रांत एकाच आठवड्यात आलेली नाट्यपरीक्षणे आणि सामन्यांची वृत्ते यांच्या भाषेची तुलना करावी. विशेषतः नावे, आदरार्थी रूपे आणि उपमा यांची मोजदाद केल्यास प्रस्तुत लेखातील ‘नावाचे व्याकरण’ या प्रतिपादनाची तपासणी होऊ शकेल. ते प्रतिपादन चुकीचे ठरले तरी अभ्यास पुढेच जाईल.

९. समारोप

ग्रँट रोडवरील बालीवाला नाट्यगृह आणि बॉम्बे जिमखान्याचे मैदान यांच्यातील अंतर फार नव्हते. एकाच काळातील मुंबईकर सायंकाळी नाटकास आणि डिसेंबरात सामन्यास जाऊ शकत होता. त्याच्या भाषेत दोन्हींना ‘खेळ’ हाच शब्द होता. वाङ्मयेतिहासाने मात्र एक खेळ आत घेतला आणि दुसरा दाराबाहेर ठेवला. बाहेर ठेवलेल्या खेळाबरोबर एका माणसाची लेखी साक्षही बाहेर राहिली. मराठीला क्रिकेटचे शब्द घडविता आले, त्यात गोडी घेता आली, समालोचनाची एक शैली निर्माण करता आली. पण या खेळाने आपल्या समाजाविषयी जे सांगितले होते ते ऐकण्यास बराच काळ लागला.

‘संयुक्त मानापमान’ या नाटकाच्या नावात मान आणि अपमान हे दोन्ही शब्द आहेत. १९२३ च्या मैदानावरील घटनेस त्याहून समर्पक शीर्षक सापडणे कठीण. खांद्यावर घेतले जाणे हा मान होता, आणि त्यासाठी दोन भावांना जितकी वर्षे वाट पाहावी लागली तितकी वर्षे अपमान होता. दोन्हींची नोंद मराठीत झालेली आहे. ती वाचणे हे मराठी विभागांचे काम आहे.